जाळ्याचा कान

आमच्या शहरात समुद्र नाही, बंदर नाही, आणि नळाला पाणी नेमकं कधी येणार हे सांगणारा ज्योतिषी अजून जन्माला यायचाय. अशा शहरात बसून मी सांगतो, की माझी तेवीस वर्षांची नोकरी पाण्यावरच्या दरोडेखोरांच्या मागे धावण्यात गेली. मग ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे. ती मान हलवते. तेव्हा कुठं विश्वास बसतो.

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत पहाटे मोटर लावून ज्या पाण्याची वाट बघतात, ते पाणी पैठणच्या धरणातून येतं. त्याच पाण्यावर मी मत्स्यखात्यातर्फे राखणीला होतो. पाण्याच्या नव्हे, त्यातल्या माशांच्या आणि मासेमारांच्या जाळ्यांच्या. पैठण एके काळी मोठी पेठ होती आणि गोदावरीच्या काठाला मालाच्या होड्या लागत, असं जुनी माणसं सांगतात. माल आला म्हणजे लुटारूही आलेच. पुढं पेठ गेली, नदी अडवली, तिचा पलीकडचा काठ दिसू नये एवढा जलाशय झाला. लुटारूंनी मात्र परंपरा सोडली नाही.

मी कन्नडकडचा, घाटाजवळच्या गावातला, धनगराचा मुलगा. बापाची मेंढरं होती. आमच्याकडं पाणी म्हणजे घागरीत मावतं तेवढंच. मला पोहता येत नव्हतं आणि आजही येत नाही. नेमणुकीच्या अर्जात तसा रकाना नव्हता, म्हणून मी आपणहून सांगितलं नाही. आडनाव मेंढके. काठावरच्या वस्तीत हिंदी-दखनी बोलणारे बरेच, त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'मेंढकसाब' केलं. हिंदीत मेंढक म्हणजे बेडूक. लाँचच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसलेला बेडूक पाहून युसूफचाचा म्हणाले होते, "मेंढक और पानी से डरता? कायकू आए साब इधर?"

युसूफचाचा वस्तीतले सर्वांत जुने मासेमार. तेव्हाच साठीला टेकले होते. त्यांच्या शेजारी गयाबाईंचं खोपट. गयाबाई भोयाच्या. नवरा गेल्यापासून पत्र्याची होडी त्या स्वतःच वल्हवत, आणि एखाद्या पुरुषानं 'मी येऊ का मदतीला' म्हटलं तर त्याला असं काही उत्तर देत, की तो पुन्हा विचारत नसे. या दोघांचं ऋण मला इथं सांगायचं आहे. बाकीची नोकरी होती तशी होती.

आधी धंदा समजून घ्या, म्हणजे चोरी समजेल. संध्याकाळी मासेमार पाण्यात जाळी लावून येतो. वरच्या दोराला तरंगणारे तुकडे, खालच्या दोराला वजनं, असं जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. पहाटे फटफटलं की जाऊन ते उचलायचं. अडकलेले रोहू, कटला, मृगळ काढायचे, काठावर आणायचे. म्हणजे माणूस घरी झोपलेला असतो आणि त्याची सगळी पुंजी पाण्यात उघड्यावर असते. चोरानं फक्त धन्याच्या आधी पोचायचं. मासे घ्यायचे आणि जाळंही कापून न्यायचं. नायलॉनची जाळी सगळी सारखी, एकाच बाजारातून आणलेली. नेलेलं जाळं पुन्हा दिसलं तरी 'हे माझं' हे सिद्ध करणार कसं?

चोरांची एक टोळी होती. तिचा म्होरक्या इंजिनची होडी वापरायचा आणि त्या इंजिनाचा आवाज तीन गावांना ऐकू जायचा. म्हणून त्याला सगळे फटफट्या म्हणत. चोर आवाज करत येतो आणि तरी सापडत नाही, याचं मला फार वैषम्य वाटायचं. पण त्याची होडी माझ्या लाँचपेक्षा चपळ होती आणि त्याची माणसं माझ्यापेक्षा हुशार. एकदा पहाटे एका होडीत डोकं भादरलेला माणूस मांडीवर मडकं घेऊन रडत बसलेला दिसला. वडिलांच्या अस्थी विसर्जनाला आलो म्हणाला. मी टोपी काढली, हात जोडले, वाट दिली. त्याच महिन्यात तो पुन्हा भेटला, पुन्हा मडकं, पुन्हा रडणं, पुन्हा वडीलच. या वेळी मी त्याच्या बुडाखालची ताडपत्री उचलली. चार जाळी निघाली. एका महिन्यात दोनदा बाप मेलेला माणूस मी तो एकच पाहिला.

जाळी ओळखायची कशी, यावर मला सुचलं ते बापाच्या धंद्यातून. आमच्याकडं मेंढराचा कान कातरतात. प्रत्येक घराची खूण निराळी. कळपात कळप मिसळले तरी कान बघितला की धनी कळतो. मी वस्तीत सगळ्यांना बसवून म्हटलं, आपण जाळ्याला कान ठेवू. तिसऱ्या तरंगत्या तुकड्याखाली रंगीत दोऱ्याची गाठ, ज्याचा रंग त्याचा, आणि माझ्या वहीत त्याची नोंद.

गयाबाई हसून हसून वाकल्या. "साहेब, जाळ्याला कान? उद्या त्याला बाळी बी घालावी लागंल!"

पण त्यांनी कान ठेवला. हिरवा-पिवळा. युसूफचाचांनी काळा ठेवला. बघता बघता सगळ्या वस्तीनं ठेवला. गेलेली जाळी खूण दाखवून परत मिळू लागली, फटफट्या चिडला, आणि मी फुगलो. इथंच माझं चुकलं. आपली युक्ती चालली, की माणसाला वाटतं आता आपल्याला सगळं कळतं.

त्या वर्षी होळीनंतर अवकाळी वारं सुटलं. दोन दिवस पाण्यावर कुणाला जाता आलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे मी गस्तीला निघालो, तर पलीकडच्या काठाजवळ युसूफचाचांची होडी. होडीत जाळं घडी घालून ठेवलेलं. कान बघितला. हिरवा-पिवळा. गयाबाईंचं जाळं. आणि त्या घडीच्या आत, ओल्या पोत्याखाली झाकून, एक चांगला हातभर लांबीचा कटला.

"चाचा, हे काय?"

"गयाबाई का जाल है. बह के आया था. उसीको देने जा रहा हूँ."

"जाळं द्यायला निघालात, मग मासा कशाला झाकून ठेवलाय?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपण काहीतरी ऐकण्यात चुकलो की काय, असं. "साब," ते म्हणाले, "तुमकू मालूम नै?"

"मला सगळं माहीत आहे," मी म्हटलं.

त्यानंतर चाचा एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं मी कबुली समजलो. होडी लाँचला बांधली, सरळ पैठणला नेली, चौकीत उभं केलं, आणि पंचनामा माझ्या हातानं लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. त्या चांगल्या अक्षरात मी 'रंगेहाथ पकडला' असं लिहिलं. तो शब्द लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही लपवत नाही.

दुपारी गयाबाई आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. धापा टाकत आत शिरल्या, जाळं बघितलं, मासा बघितला, आणि कपाळावर हात मारून खालीच बसल्या.

"साहेब, जाळ्यात मासा हाय न्हवं?"

"आहे ना. तोच तर पुरावा."

"आवं, मासा हाय मंजी चोरी कशाची?" त्यांचा आवाज चिरकला. "वाहून आल्यालं जाळं कुणाला घावलं, तर त्यो ते धुतो, फाटलं आसंल तर सांधतो, आन् आपल्या माशातला एक चांगला मासा त्यात घालून धन्याला नेऊन देतो. रिकामं जाळं परत देत नाय कुणी. पाण्याची रीत हाय ती. चोर मासा घिऊन जाळं टाकंल, नायतर दोनी घिऊन जाईल. घडी घालून, मासा घालून कोण चोरतं? लई शिकल्यालं हायसा ना तुमी?"

मी जाळं उलगडून बघितलं. ते धुतलेलं होतं. दोन ठिकाणी नवी गाठ होती.

त्या क्षणी 'चाचा, माझं चुकलं' म्हणायला हवं होतं. तीन शब्द. पण पंचनाम्यावर सह्या झाल्या होत्या, चौकीतली माणसं बघत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "चौकशीअंती निर्दोष आढळल्यास कारवाई मागे घेण्यात येईल." चाचा उठले, पायात चपला घातल्या आणि बाहेर गेले. त्यांना घरी सोडलं, होडी मात्र जप्तीत राहिली.

आपलीच चूक कबूल करणारा अहवाल लिहायला मला पंधरा दिवस लागले, कारण बढतीचं वर्ष होतं. लिहिला एकदाचा. मग तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. 'रंगेहाथ' हा शब्द लिहायला मला पळभर लागलं होतं. तो पुसायला महिने लागले.

चाचांनी तक्रार केली नाही. ते काठावरच्या बाभळीखाली बसून दुसऱ्यांची जाळी सांधू लागले. मी जवळून गेलो की मान वर करत नसत. हाताशी होडी नसलेला मासेमार आणि वस्तीतलं सगळ्यात खरं माणूस, त्याच्या नावापुढं मी चोर लावलं होतं. फटफट्यानं याचा पुरता फायदा घेतला. 'साहेबानं म्हाताऱ्याला चोर केलं, उद्या तुमची पाळी' असं तो बाजारात सांगत फिरला. एके सकाळी मी खोलीचं दार उघडलं, तर उंबऱ्यासमोर रंगीत दोऱ्यांचा ढीग पडलेला. हिरवे-पिवळे, लाल, निळे, काळे. वस्तीनं सगळ्या जाळ्यांचे कान काढून मला परत केले होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आषाढ लागला. या दिवसांत मासे अंडी घालतात, म्हणून मासेमारी बंद असते. वस्तीची जाळी वाळत पडलेली. अशा बंदीतच फटफट्याचं फावायचं. अंड्यांवर आलेले मासेसुद्धा तो उपसायचा. सकाळी नवाच्या सुमाराला मला तो आवाज ऐकू आला. एरवी मी वस्तीतल्या दोघांना बरोबर घेतलं असतं. त्या दिवशी कुणी माझ्याकडं बघितलंही नाही. मी एकटाच निघालो. खात्यानं दिलेलं तरंगणारं जाकीट खोलीवरच राहिलं. खरं सांगायचं तर ते मी उशाला घेत असे.

फटफट्या मुद्दाम हळू चालला होता. मी जवळ आलो की थोडा पुढं, पुन्हा थोडा पुढं. मी त्याच्या मागे, आणि एकदम लाँच गचकून थांबली. त्यानं मला स्वतःच्या पाण्याखालच्या जाळ्यावरून नेलं होतं. जाळं पंख्याला गुंडाळलं, इंजिन बंद पडलं. "मेंढकसाब, अब तैरो!" असं ओरडून ते हसत निघून गेले.

पश्चिमेचं वारं वाढलं. आषाढातला तो जलाशय ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो, लाटा कमरेएवढ्या येतात. नांगराचा दोर तळाला पुरला नाही. मोबाईलला रेंज नव्हती. पंख्याभोवतीच्या जाळ्याचा एक दोर तुटला, आणि लाँच उरलेलं जाळं ओढत धरणाच्या भिंतीकडं सरकू लागली. भिंतीला मोठमोठे दगड लावलेले आहेत. तिथं लाँच आपटली असती तर पोहता येणाराही वाचला नसता. मी बसलो, लहानपणी पाठ केलेलं सगळं म्हणून झालं, मग बापाची आठवण आली. आणि मग दिसली गयाबाईंची पत्र्याची होडी. वल्ही युसूफचाचांच्या हातात होती.

ते जवळ आले, दोर फेकला. कमरेचा सुरा दातात धरला आणि त्या वयात, त्या पाण्यात उडी मारली. एकदा वर आले, दोनदा, चार वेळा. पंखा मोकळा झाला. मग लाँचवर चढले, थरथरत बसले, आणि म्हणाले, "चालू करो."

इंजिन चालू झालं. गयाबाईंची होडी मागे बांधली. चाचांनी कापलेलं जाळं वर ओढून घेतलं आणि हातानं चाचपू लागले.

"ये देखो. कान काट लिया, पर गाँठ किसकी है वो तो छुपती नै. ये गयाबाई की. ये मेरी. ये दत्तू की." फटफट्यानं आमच्याच वस्तीच्या चोरलेल्या जाळ्यांचे तुकडे शिवून आपलं जाळं केलं होतं. दोरे काढले, पण सांधलेल्या गाठी तशाच राहिल्या. प्रत्येकाचा हात निराळा असतो. मेंढराचा कान कापला तरी ते धन्याच्या हाकेला येतं, असं माझा बाप म्हणायचा. मला ते तेव्हा कळलं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चाचा, माझं चुकलं. चौकीतच म्हणायला हवं होतं."

त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग विचारलं, "तुम्हारे में किसीकी भेड़ भटक के आई, तो क्या करते?"

"पोटभर चारतो. पाणी पाजतो. मग धन्याकडं नेऊन देतो. उपाशी मेंढरू परत देत नाही."

"हौ. तो वहीच तो है, साब," चाचा म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "इत्ताच तो था."

मला रडू आलं. वारं होतं, तोंडावर पाणी उडत होतं, त्यामुळं निभावून गेलं. माझ्याच घरची रीत होती ती, फक्त मेंढराच्या जागी जाळं होतं. मी नुसतं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवट मला काठावर करायचा आहे. त्या जाळ्यावरून वस्तीतल्या सगळ्यांनी पंचांसमोर आपापल्या गाठी ओळखून दाखवल्या. नुसत्या सांगितल्या नाहीत, तिथंच बसून तशीच गाठ मारून दाखवली. फटफट्याची इंजिनची होडी जप्त झाली आणि टोळी मोडली. चाचांची होडी श्रावणात सुटली. ती आणायला मी त्यांच्याबरोबर गेलो आणि चौकीतल्या सगळ्यांसमोर, उभं राहून, ते तीन शब्द पुन्हा म्हटले. बढती हुकली. तिची आता आठवणही येत नाही. चाचा चार वर्षांपूर्वी गेले. गयाबाई आहेत. शहरात आल्या की आमच्या घरी येतात आणि नळाला पाणी नसलं की मलाच बोलतात, जणू अजून मीच ते अडवून बसलोय.

तर काठावर. लाँच येताना दिसली तशी सगळी वस्ती पाण्याकडं धावली होती. गयाबाई पुढं, गुडघाभर पाण्यात. लाँच टेकली. मी कड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, मला उतरता येईना. चाचांनी आधी त्या जाळ्यात हात घातला. आत एक रोहू जिवंत अडकला होता, चांगला मोठा. तो त्यांनी काढला, लाँचमध्ये माझ्या पायाशी ठेवला, आणि काठाकडं बघून मोठ्यानं म्हणाले,

"लो रे. पानी में मिला. खाली वापस नै दे रहा हूँ."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एकदम हशा उठला. मी माशाकडं बघत होतो. बंदीच्या काळातला मासा, म्हणजे कायद्यानं मुद्देमाल. पुढं मी लिहिलेल्या पंचनाम्यात जाळं आहे, इंजिन आहे, दोराची लांबीसुद्धा आहे. तो मासा नाही. खात्याला काय करायचं ते करू दे.

गयाबाई लाँचच्या कडेला आल्या. "थांबा," त्या म्हणाल्या, "आसं कसं घ्यायचं? आपलाच हाय का दुसऱ्याचा, बघाया नगं?" आणि सगळ्या वस्तीदेखत त्यांनी माझा उजवा कान धरला, चांगला पिळला, या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आपलाच हाय. उतरवून घ्या."